प्रत कुणाला जाते?

दुरुस्तीच्या दुकानात आपला बिघडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसलेल्या मास्तरांचे कान काउंटरवरच्या नवरा-बायकोकडे लागले होते.

"ईमेल कंपनीनं माझं मेल पाठवणं बंद केलंय. म्हणे मी लोकांना फालतू जाहिराती पाठवतो. अहो, मी एक पाठवली असेल तर शपथ!"

"यांच्या ऑफिसातल्या त्या शेजारच्या टेबलवाल्याचंच काम हे. सावकाश बघा हो, आम्हाला काही घाई नाही."

"तो कशाला करेल? लॅपटॉप तुझ्या भावानं नेला होता."

"माझ्या माहेरावर घसरू नका!"

दुकानदारानं लॅपटॉपवरून मान वर केली. "साहेब, बाहेरचं कुणी घुसलेलं नाही. तुम्हाला आलेल्या प्रत्येक मेलची प्रत आपोआप दुसऱ्या एका पत्त्यावर जातेय. तुम्हाला येणाऱ्या जाहिरातीही त्यातच जातात, म्हणून कंपनीला वाटलं, तुम्हीच पाठवताय."

"मी असलं काही लावलेलं नाही. कधीपासून जातंय?"

"दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं? कुणाचा पत्ता आहे? वाचा बघू मोठ्यानं."

"अहो, वाचत काय बसायचं? बंद करायला सांगा आणि चला. मला उशीर होतोय."

मास्तरांनी प्रिंटरच्या वायरीत डोकं खुपसलं.

"मघाशी तर तुला घाई नव्हती."