खिडकीखालचं चेंबर

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुमच्याच घरात कसं हो येतं पाणी?’ आता काय सांगायचं! तुम्हाला सांगतो, पाच मजले, दहा बिऱ्हाडं, दहा संडास, दहा न्हाण्या, आणि सगळ्यांना मिळून खाली एकच पाइप. तो तुंबला की पाणी जाणार कुठं? जिना चढून गच्चीवर जाणार? आमच्याकडेच येणार! आम्ही तळमजल्याचे ना!

सकाळी सात वाजले की न्हाणीघराच्या जाळीतून आधी गुळगुळ, मग बुडबुडे, मग... जाऊ दे, तुमचा चहा व्हायचा असेल. पण खरं सांगू? त्या जाळीतून अख्ख्या इमारतीची खबर कळते. दुसऱ्या मजल्यावर कुणाचे तरी केस गळतायत, चौथ्या मजल्यावरचे काका औषधाच्या गोळ्या न घेता पाकिटासकट टाकतायत. मी आपुलकीनं चौकशीला गेलो, तर काका लालबुंद. ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ आता काय, जाळीनं सांगितलं म्हणू?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हात जोडून म्हटलं, काकू, तळणाचं तेल, उरलेला भात, फरशीची फडकी तेवढी संडासात नका हो टाकू. तर काकू कमरेवर हात ठेवून म्हणतात कशा, ‘अहो, गटार असतं कशासाठी? टाकायलाच ना!’ काकूंसाठी टाकायला, आणि आमच्यासाठी काढायला. आम्ही तळमजल्याचे ना!

बरं, मागच्या खोलीत आमचे बाबा. तीस वर्षं सांडपाण्याच्या पंपघरात नोकरी केलेला माणूस, आता दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. पलंगाखाली पाणी आलं, आम्ही पायांखाली विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एकेक वीट. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, ‘अरे, मला छताला टेकवणार आहेस का?’ हसलो हो आम्ही. त्या वासात, नाकाला रुमाल बांधून, हसलो!

तक्रार कार्यालयात फोन केला. तिकडून गोड आवाजात, ‘आपली तक्रार मिटलेली आहे.’ म्हटलं, बाई, मी घोटाभर पाण्यात उभा आहे! ‘हो, पण आमच्याकडे मिटलेली दिसतेय.’ चौथ्या दिवशी पाइप साफ करायच्या यंत्राची गाडी आली एकदाची! आली, आणि गल्लीच्या तोंडाशी अडकली. गल्ली अरुंद, त्यांची नळी चार हात तोकडी. गेले निघून.

मग आमचे चेअरमन दोन माणसं घेऊन आले. सख्खे भाऊ. मोठा चाळिशीचा, काटकुळा, धाकटा न बोलणारा. बाबांच्या खिडकीखालच्या चेंबरचं लोखंडी झाकण सरकवलं आणि चेअरमन मोठ्याला म्हणतात, ‘उतर, दोन मिनिटांचं काम आहे.’ आतून बाबा ओरडतायत, ‘अरे, लगेच उतरवू नका! गॅस असतो आत! पुढचंही झाकण उघडा, तास-दोन तास थांबा, आणि तरीसुद्धा माणूस नका घालू!’ आणि मी काय म्हणालो? ‘बाबा, तुम्ही पडा हो गप्प.’ चार दिवस घाण उपसत होतो मी. मला ते पाणी जायला हवं होतं. बाकी काहीही नको होतं. वर त्या माणसाला विचारतो काय, ‘लवकर होईल ना?’

बायकोनं मात्र बाबांचं ऐकलं. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली आणि त्याच्या काखेखालून बांधायला लावली. चेअरमन हसले. ‘वहिनी, विहिरीत चाललाय का तो?’

चार पायऱ्या उतरला. आतून म्हणाला, ‘दगड नाही, कापड अडकलंय, ओढतो आणि...’

आणि नाहीच. ओरडला नाही, हाक मारली नाही. वाक्य अर्धंच राहिलं. आत नुसतं काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज.

धाकटा उडी मारायला निघाला. बायकोनं मागून कमरेला मिठी घातली त्याच्या. तो हिसडे देतोय, तिच्या तोंडावर त्याचं कोपर बसलं, ओठ फुटला, पण ही सोडेना! ‘तूही मरशील! वरून ओढ! वरून!’ मग ओढलं सगळ्यांनी. मी, धाकटा, चेअरमन, अनवाणी धावत आलेल्या काकू. वर आला तेव्हा चेहरा निळा, डोळे अर्धे उघडे. आतून बाबा, ‘वाऱ्यावर न्या! गर्दी करू नका!’ रस्त्याच्या कडेला आडवा केला. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग खोकला. एकदा... पुन्हा एकदा.

मोठ्याला दवाखान्यात नेलं. त्याच्या मुठीत फुलाफुलांची चादर होती, निम्मी फाटलेली. चादर कुणाची? पाच मजले, दहा बिऱ्हाडं... कुणाचीच नाही!

आणि पाणी? गेलं की! गुळगुळ करत सगळं ओसरलं. चेअरमन घाम पुसत म्हणाले, ‘बघा, झालं की नाही काम?’ आधी बोलायला हवं होतं तेव्हा बोललो नाही, आता कुठल्या तोंडानं बोलू? घरात आलो. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. पाय धरले त्यांचे. ‘माझे कशाला धरतोस?’ म्हणाले. एवढंच.

बाराव्या दिवशी भाजी घेऊन येत होतो. मागच्या रस्त्यावर एका चेंबरपाशी तोच! झाकणाच्या कडीत आकडा घालत होता. म्हटलं, अरे, तू? डॉक्टरांनी काय सांगितलंय? ‘महिनाभर आराम. पण इथंही तळमजल्यावर कुणीतरी आहे, साहेब. चार दिवस फोन करतायत बिचारे.’

पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्या झाकणावर जाऊन बसलो. म्हटलं, रस्ता रुंद आहे, गाडी बोलवा, ती आल्याशिवाय उठणार नाही! तीन तास बसलो. आली शेवटी गाडी. पण ते तीन तास तो तळमजल्याचा माणूस, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला, हातात बादली, माझ्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता, ‘उठा हो! घरात पाणी शिरलंय माझ्या! तुम्हाला काय कळणार!’

आता त्याला मी काय सांगायचं... तुम्हीच बोला.