ट्रॅक्टरची नवी लिफ्ट

पिंपळगावच्या दवाखान्यात सकीना नंबर यायची वाट बघत होती. शेजारी बागायतदार नवरा-बायको बसले होते. बाईनं दोन्ही हातांनी ओटीपोट धरलं होतं. नवऱ्याचा उत्साह मात्र बाकात मावत नव्हता.

"घरी चल, गंमत दाखवतो. छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक लिफ्ट बसवली. एका बोटानं मागचा अख्खा कल्टिव्हेटर वर!"

"आणि तो उचलायचा हाताचा दांडा?"

"भंगारात दिला."

"मी माहेरी वणीला होते, तेव्हा?"

"मग काय करू? तू नाय म्हणून ट्रॅक्टर पण मीच चालवायचा, अन् द्राक्षाची ओळ संपली की उतरून दांडा पण मीच ओढायचा. चार दिवसांत खांदा गेला. लय जड गं ते!"

"जड असतं का?"

"अगं, जीव जातो माणसाचा."

"लग्न झाल्यापासून मीच ओढत होते, ट्रॅक्टरच्या मागं चालत. पोटात कळ येते म्हणलं, तर काय म्हणला होतात?"

"मला कुठं ठाऊक होतं तेव्हा?"

"मी सांगत होते की."

सकीनानं उगाच पदर सावरला.

"झालं ते झालं. आता तुला ओढायला नाय लागणार."

"आता गर्भाची पिशवी खाली सरकली. आता तांब्याही उचलायचा नाय म्हणलेत वणीचे डॉक्टर."

"लता निरगुडे, आत या!" नर्सनं हाक मारली.

नवरा हळू आवाजात म्हणाला, "कशानं झालं विचारलं, तर काय सांगायचं गं?"

"तुम्ही मला सांगायचात तेच सांगा. म्हणावं, बाईला कामाची सवय नाय."