होर्डिंगवरची आई

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … अरे दादा, तू होय. ऑफिसच्या नंबरावरून केलास, म्हणून ओळखलं नाही. बोल.

… आई आत आहे, शिवत बसलीय. … नको, तिला हाक नाही मारत. तू मला सांग, मी तिला सांगते.

… सत्कार? कुणाचा, आईचा? … हळू बोल, आवाज फाटतोय. … हो, हो, कळलं. महापौर येणार, बाहेरचे पाहुणे येणार, तुमच्या पालिकेच्या हवामान आराखड्याचं प्रकाशन होणार, आणि मुखपृष्ठावरची बाई प्रत्यक्ष मंचावर हवी. … ऐकलं रे. 'किनाऱ्याचा चेहरा'. छान नाव शोधलंत.

दादा, तू इतक्यात गल्लीत आलायस का? … मग तुला ठाऊकच नाही. … मीटिंग असू दे. अरे, ऐक ना आता.

ते होर्डिंग लावलंय ना तुम्ही बसथांब्यावर, आईच्या फोटोचं? एवढं मोठं, की तिच्या बोटावरच्या सुईच्या खुणासुद्धा दिसतात. हात वर केलेला, आणि खाली 'आम्ही तयार आहोत'. … कुणी लिहिलं ते मी विचारत नाहीये. … हो, जाहिरातवाल्यांनी. असेल.

तयार कुठे होती रे ती? खुर्च्या रिकाम्या दिसतील, तू तरी ये, असं तूच म्हणालास, म्हणून हातातलं काम टाकून तुमच्या आराखड्याच्या सभेला गेली. भिंतभर तुमचे रंगीत नकाशे. समुद्रभिंतीची लाल रेघ तिने बोटाने शोधून काढली, पण आपली गल्ली तिच्या आत पडते की बाहेर, ते काही कळेना. म्हणून हात वर केला. विचारायला. … हो, नुसतं विचारायला. माइक तिच्यापर्यंत आलाच नाही. फोटोवाला तेवढा आला.

… आता माहितीय, गल्ली भिंतीच्या बाहेर पडते. सगळ्यांनाच माहितीय, घरोघरी नोटिसा आल्यात. भिंत आपल्या मागून जाणार, आणि घरांच्या जागी खारफुटी लावणार. … मी कुठे म्हणतेय योजना वाईट आहे? भरतीला मोरीतून पाणी वर येतं, आईने मशीन विटांवर चढवलंय. इथं फार काळ राहता येणार नाही, हे आम्हाला तुमच्या नकाशांच्या आधी कळलंय. पण माणसांना विचारायचं तरी. विचारलं नाहीत ते नाहीतच, वर विचारलं असं छापलंत. … तुमच्या खात्याच्या हातात नव्हतं, मग कुणाच्या होतं? तिने जन्मात एकदा हात वर केला. तुम्ही तर रोजच हात वर करता.

… बरं, बरं. नाही चिडत. पुढचं ऐक.

शेजारची काकू आता आईशी बोलत नाही, तिनेच होकार दिला म्हणून. … हो, तीच, तुला अंगाखांद्यावर खेळवलेली. दारावरून जाते ती मान वळवून. शिवायला टाकलेले कपडे लोक अर्धवट परत घेऊन गेले. मी मागे लागले होते, एकदा सगळ्यांना खरं सांगून टाक. म्हणायची, वेळ आली की सांगेन.

आज सकाळी आली वेळ. बोटी दुरुस्त करणारे काका आले, मागे निम्मी गल्ली. कुणी आवाज चढवला नाही, तसं कशाला खोटं बोलू. काका म्हणाले, वहिनी, तुम्ही खरंच होकार दिला होता का? नसेल तर तसं लिहून द्या. फोटो खोट्या अर्थाने वापरला म्हणून आम्ही कोर्टात जातो. निदान आमचं कुणी ऐकून तरी घेईल.

आईने मशीन थांबवलं. मला वाटलं, आता बोलेल. … थांब ना, सांगतेय.

तिने आधी विचारलं, कोर्टात उभं कुणाला करतील? काका म्हणाले, ज्याने सभा घेतली, अहवालावर ज्याची सही आहे, त्याला. … हो. तुला. ती सही तुझी, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. आईला ठाऊक होतं.

मग ती म्हणाली, "मी होकारच दिला होता. मला पटलं होतं."

… हॅलो? आहेस ना? … हो, शब्दन्‌शब्द हेच. काकांच्या डोळ्यांत बघून. काकू आपल्या दारात उभी होती. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. ते दार दिवसाढवळ्या लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

… रडतोयस का? … मग बोल काहीतरी. … 'तिने असं करायला नको होतं.' मीही तेच म्हणाले तिला. तर मला म्हणाली, गल्ली आज ना उद्या जाणारच आहे, पोराची नोकरी कशाला जावी.

… नाही, मी नाही सांगणार कुणाला. मला शपथ घातलीय तिने. तुला नाही घातलेली. … हो, तूच. एवढा मंच उभारलायत, पाहुणे समोर असतील, माइक असेल. सांग तिथं. … काय? … 'बघतो'? … बरं. बघ.

… थांब, ती आलीच बाहेर. … आई, दादाचा फोन आहे. तुझा सत्कार करायचाय त्यांना, ये म्हणतोय. … नक्की? … अगं, पण तिथं… … बरं बाई, सांगते.

हॅलो, दादा? येते म्हणाली. … हो, एका शब्दाने काही विचारलं नाही. पण गाडी गल्लीत आणू नकोस, म्हणते. मोठ्या रस्त्यापर्यंत ती चालत येईल. … पाण्याचं काय रे, रोज त्यातूनच ये-जा करते ती. … नाही, तिला लोकांची लाज वाटते म्हणूनही नाही. … गाडीत तू असशील, म्हणते. लोक अजून तापलेत, तुला कुणी वेडंवाकडं बोललं, तर तिला ऐकवणार नाही.

… माझे कसले आभार मानतोस? ठेवते.