रेखाताई आणि गुरुवारची जपानी गोष्ट

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय दादासाहेब वानखडे, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सर्वांनी शनिवारची दुपार राखून ठेवली त्या सत्कारमूर्ती रेखाताई गजभिये, आपल्या इल्फर्डच्या मंडळाचे पदाधिकारी, आणि ब्रिस्टल-केंब्रिजहून रेल्वेच्या वेळापत्रकाशी झगडत येथवर पोहोचलेल्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार आणि जय भीम.

दादासाहेबांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. ते म्हणाले, "चैत्राली, तू बोलत नाहीस ना, म्हणूनच तुला सांगतोय. वेळेत संपवशील." त्यांचा विश्वास कितपत खरा ठरतो ते थोड्याच वेळात कळेल. मी उदगीरच्या मराठी शाळेत शिकले. तेथे निबंधाची बक्षिसे मला पुष्कळ मिळाली. वक्तृत्वाचे एकही नाही. म्हणून भाषण लिहून आणले आहे आणि लिहिलेलेच वाचणार आहे. मान वर करून आपल्याकडे पाहिले नाही, तर तो उद्धटपणा समजू नये.

रेखाताई पश्चिम लंडनमधल्या एका नर्सरीच्या मॅनेजर होत्या, हे आपल्याला ठाऊक आहे. मीही तेथेच शिकवते, तरी नर्सरीचे नाव मुद्दाम घेत नाही. मी आज सांगणार आहे तो वृत्तांत मालकीणबाईंना आवडेलच याची खात्री नाही. तेवीस वर्षे ताई सकाळी सव्वासहाला घराबाहेर पडल्या आणि सेंट्रल लाइनने गँट्स हिलपासून वेस्ट ॲक्टनपर्यंत, म्हणजे लंडन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडत राहिल्या. त्या भागात जपानी कुटुंबे बरीच. वडिलांची कंपनी त्यांना तीन किंवा पाच वर्षांसाठी इकडे पाठवते. लहान मूल असेल तर ते आमच्याकडे येते. दारात आईचा निरोप जपानीत होतो, आणि दार लागले की आत फक्त इंग्रजी. पोहायला शिकवताना मुलाला पाण्यात सोडावे तसे त्याला भाषेत सोडायचे, अशी ही पद्धत.

जपानी मुलांना इंग्रजी शिकवायला नागपूरच्या इंदोऱ्याची बाई कशाला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. एका वडिलांनी तो ताईंना तोंडावर विचारला होता. अर्थात जपानी सौजन्याने, दोनदा वाकून. ताई म्हणाल्या, "सर, मला इंग्रजी येत नव्हतं ते दिवस मला आठवतात. जन्मापासून येणाऱ्याला ते कुठून आठवणार?" ते गृहस्थ तिसऱ्यांदा वाकले आणि मुलीचे नाव नोंदवून गेले.

मी त्या नर्सरीत चार वर्षांपूर्वी, सप्टेंबरमध्ये रुजू झाले. बालशिक्षणाची पदवी हातात होती, इंग्रजी व्याकरण तोंडपाठ होते, आणि इंग्रजीत चहा मागायचा झाला तरी वाक्य आधी मनात जुळवावे लागत होते. त्याच आठवड्यात आमच्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे नाव काझुमा मोरिता. सकाळी सगळी मुले गालिच्यावर बसत, एकेकाचे नाव पुकारले जाई आणि मूल "गुड मॉर्निंग" म्हणे. काझुमा काहीच म्हणत नसे. तो मान लववी, मोजे वर ओढी आणि खिडकीकडे पाही. सप्टेंबर सरला, ऑक्टोबर सरला. मी अस्वस्थ झाले. ताईंना म्हटले, "ताई, हा मुलगा बोलतच नाही."

ताई रंगाचे ब्रश धूत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. "मुका नाही तो. ऐकून राहिला."

"पण दोन महिने?"

"तू किती दिवस झाले स्टाफरूममध्ये बसून राहिली? बोलली का एक शब्द? मी पाठवली का तुला डॉक्टरकडे?"

मी एक ब्रश उचलला आणि धुऊ लागले.

आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक वही असते. जपानमध्ये बालवाडी आणि घर यांच्यात अशी वही रोज ये-जा करते. ताईंनी ती प्रथा आमच्या नर्सरीत आणली. मुलाने काय खाल्ले, किती झोपले, कोणाशी खेळले, हे आम्ही लिहायचे आणि घरचे वर्तमान आईने लिहायचे. काझुमाची वही माझ्याकडे होती. त्याच्या आई, काओरी मोरिता, ज्यांना आम्ही जपानी रीतीने मोरितासान म्हणतो, टोकदार पेन्सिलीने फार देखणे इंग्रजी लिहीत. प्रत्येक वाक्य शब्दकोशातून गाळून काढलेले. मीही तशीच लिहीत असे. समोरासमोर आलो की आम्ही दोघी केवळ हसायचो, पण वहीत आमची मैत्री जमली होती. मोरितासान आज या सभागृहात आल्या आहेत आणि काझुमाही आला आहे.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी वहीत विचारले, "त्याची प्रगती व्हावी म्हणून मी काय करावे?" मित्रहो, मला परीक्षेतला प्रश्न ओळखीचा वाटला की माझा हात थांबत नाही. मी लिहिले, घरीही केवळ इंग्रजीच बोला, सर्व प्रसंगी, अपवाद न करता. कोणालाही विचारले नाही. इंग्रजी हवे तर मराठी बंद करा, असे मला अकरावीत एका सरांनी सांगितले होते. ते मी प्रामाणिकपणे पाळले होते. माझ्या आईला फोनवर मी कितीतरी महिने "हो" आणि "नाही" याखेरीज काही सांगितले नव्हते. त्यातून माझे इंग्रजी सुधारले की नाही हे मला माहीत नाही, आईचा आवाज मात्र हळूहळू बारीक होत गेला. हे ठाऊक असूनही मी तोच सल्ला पुढे दिला. हुशार विद्यार्थ्यांची ही एक खोड असते. उत्तर पाठ असले की ते बरोबरच असले पाहिजे, असे त्यांना वाटते.

नाताळची सुट्टी संपली. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी वही परत आली. मोरितासाननी लिहिले होते, "आम्ही नियम पाळत आहोत. आता काझुमा घरीही बोलत नाही. कृपया पुढची पायरी सांगावी."

मी ते वाक्य तीनदा वाचले आणि वही ताईंकडे नेली. कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभ्या राहून त्यांनी मागची पाने उलटली आणि त्या माझ्या अक्षरापाशी थांबल्या.

"हे तू लिहिलं?"

"हो, ताई."

"कोणाला विचारून?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अगं पोरी, आपण त्याला इंग्रजी द्यायला बसलो. त्याची आई काढून घ्यायला नाही." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे वाटले असते. मग त्यांनी आपला कोट खुंटीवरून काढून अंगात घातला आणि माझा माझ्या हातात दिला. "चल. घरी जाऊन सांगायचं. वहीत नाही लिहायचं हे."

आपल्यापैकी किती वरिष्ठांनी हाताखालच्या माणसाची चूक अशी स्वतःच्या कोटासकट अंगावर घेतली असेल?

मोरितासानच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक वस्तूवर इंग्रजी नावाची चिठ्ठी होती. दारावर 'दार', खुर्चीवर 'खुर्ची'. काझुमा सोफ्यामागे आगगाडी खेळत होता. आगगाडीचा आवाजसुद्धा तोंडाने काढत नव्हता. ताई सरळ जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मोरितासान, आमच्याकडून चुकीचा सल्ला गेला. चूक नर्सरीची आहे." माझे नाव त्यांनी घेतले नाही. मग विचारले, "आधी झोपताना तुम्ही त्याला काय सांगत होता?"

मोरितासाननी सोफ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, त्यांच्या आजोळच्या कोल्ह्याची गोष्ट. सात आठवडे सांगितली नव्हती, कारण ती इंग्रजीत त्यांना येत नव्हती.

"मग जपानीत सांगा. मला. मी ऐकते."

आणि मोरितासान सांगू लागल्या. त्यांच्या आवाजाचे हात-पाय मोकळे झाले, असे मला वाटले. याहून नेमके मला सांगता येत नाही. मधेच त्या अडखळल्या, काही विसरल्या असाव्यात. तेवढ्यात सोफ्यामागून एक छोटे जपानी वाक्य आले. रागावलेले. आई गोष्ट चुकवते आहे, हे त्याला सहन झाले नव्हते. मोरितासाननी तोंडावर हात धरला. ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटले आणि खुणेने म्हणाल्या, पुढे सांगा, थांबू नका.

त्याच आठवड्यात ताईंनी ठरवले की दर गुरुवारी एक आई नर्सरीत येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगेल. मालकीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "रेखा, पालक इंग्रजीसाठी येतात. दारावर 'फक्त इंग्रजी' असं लिहिलंय." ताई म्हणाल्या, "मुलाच्या घरच्या भाषेला वाव द्या, असं बालशिक्षणाच्या सरकारी आराखड्यात लिहिलंय. दारावरचं मी बदलू शकते. आराखडा तुम्ही बदलून आणा." बाईंनी ईस्टरपर्यंत मुदत दिली. तोवर पालकांच्या तक्रारी आल्या, किंवा मुलांचे इंग्रजी मागे पडलेले दिसले, तर गुरुवार बंद, आणि ताईंनी दुसरी नोकरी पाहावी.

तक्रारी आल्या. एका कुटुंबाने मुलीला काढून घेतले. मी धास्तावून म्हटले, "ताई, थोडे दिवस थांबवू या का?" तर म्हणाल्या, "शिकायला मिळावं म्हणून आमच्या लोकांनी काय काय सोसलं, माहीत आहे ना? पण शीक म्हणताना कोणी असं नाही म्हटलं की आधी मायची बोली टाकून ये. आणि या पोट्ट्याला आपण म्हणायचं?"

काझुमा आता घरी अखंड बोलत होता. तशी वहीत नोंद येई. नर्सरीत मात्र मान लववणे, मोजे ओढणे आणि खिडकी. फेब्रुवारी गेला. मार्च गेला.

ईस्टरच्या सुट्टीआधीचा शेवटचा गुरुवार. गोष्ट सांगायला मोरितासान आल्या होत्या. दारात मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या. गालिच्यावर अठरा मुले. त्यांत मायरा नावाची चार वर्षांची मुलगी होती; तिला जपानी येत नव्हते आणि गप्प बसणे तर मुळीच येत नव्हते. मोरितासान कोल्ह्याची गोष्ट सांगू लागल्या. मायराने अर्धे मिनिट धीर धरला. मग मोठ्याने इंग्रजीत म्हणाली, "कोल्हा का रडतोय? कोणीतरी सांगा मला!"

मी पुढे होणार तोच ताईंनी माझी बाही धरली.

काझुमा वळला. मायराकडे त्याने अशा नजरेने पाहिले, जसे आपण वाचनालयात बोलणाऱ्याकडे पाहतो. आणि स्पष्ट, सरळ इंग्रजीत तो म्हणाला, "रडत नाहीये तो. त्याला थंडी वाजतेय. घराची वाट विसरलाय आणि विचारायला लाजतोय."

"मग?" मायरा म्हणाली.

मग त्याने आईकडे पाहिले. आईने पुढचे वाक्य जपानीत सांगितले. त्याने ते इंग्रजीत सांगितले. पुन्हा एक वाक्य आईचे, एक त्याचे. साडेसहा महिने ऐकलेले सगळे त्याच्याजवळ जपून ठेवलेले होते. बाकीच्या सतरा मुलांनी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. माझे दोन्ही हात टाळीसाठी उचलले गेले होते. ताई कानात म्हणाल्या, "खबरदार! टाळी वाजवली तर उद्या परत मुका होईल. काही झालंच नाही असं दाखव." आणि स्वतः शांतपणे सफरचंदे कापायला गेल्या. मात्र त्या दिवशी फोडी फार वेड्यावाकड्या कापल्या गेल्या, हे मी आज जाहीरपणे सांगते. ताई, माफ करा. टाळ्या आज वाजवायला हरकत नाही.

मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली आणि त्या आत गेल्या. ईस्टरनंतर दारावरच्या पाटीवर 'फक्त' हा शब्द नव्हता. आज गुरुवारच्या गोष्टी सहा भाषांत होतात. त्यांतली एक मराठी आहे आणि ती मी सांगते.

रेखाताई सोमवारपासून पहाटेची गाडी धरणार नाहीत. त्यांच्याविषयी अभिमान वाटतो असे म्हणणे सोपे आहे. मला नेमके कशाचा अभिमान वाटतो, ते सांगण्यासाठी ही हकीकत सांगितली. दोनशेहून अधिक मुले त्यांच्या हातून इंग्रजी शिकून नागोयाला, ओसाकाला गेली, आणि घरी गेल्यावर आजीशी कोणत्या भाषेत बोलू, हा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडला नाही. इंदोऱ्याच्या गल्लीत पाटी-पेन्सिल घेऊन निघालेल्या एका मुलीने हे केले. आणि हो, मीही आता आईला दर रविवारी तासभर फोन करते. ती तक्रार करते की मी फार बोलते.

समारोप करते. मंडळाने ही संधी दिली, दादासाहेबांनी दहाची पंधरा मिनिटे होऊ दिली, आपण सर्वांनी इतके मन लावून ऐकले, याबद्दल मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर ते पोटात घालावे.

परंतु एक क्षमा मला आपल्याकडून मागायची नाही. त्या दिवशी ताईंनी चूक नर्सरीची म्हटली आणि मी दाराशी गप्प उभी राहिले. मोरितासानना मराठी येत नाही, म्हणून या भाषणाची इंग्रजी प्रत मी काझुमाच्या हाती दिली आहे. तो आता सात वर्षांचा आहे आणि मी येथे वाचत असताना तो आईच्या कानात ती जपानीत सांगतो आहे. काझुमा, या पानावर पोहोचलास की सावकाश सांग. मोरितासान, वहीत ते वाक्य मी लिहिले होते. मला क्षमा करावी.

धन्यवाद.