नटीची सही

हे कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलंय, म्हणून हळू बोलते. इंग्रजीच्या मास्तरांनी ‘फेमस’, ‘फॅन’, ‘ऑटोग्राफ’ हे शब्द शिकवले आणि त्याच आठवड्यात एका सिनेमानटीची मोटार पारनेरच्या वेशीपाशी बंद पडली. मास्तर स्वतः जायला लाजले. त्यांनी आपली वही देऊन सही आणायला मला पाठवलं.

नटीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “पोरी, मला लिहिता येत न्हाई. तूच लिही माझं नाव. पण कुनाला सांगू नको.”

मी लिहिलं.

मास्तरांनी ती सही वर्गभर फिरवली. मला म्हणाले, “बघ फेमस माणसाचं अक्षर! नाहीतर तुझं. दहा वेळा गिरव.”

मी गिरवलं. काल तपासून म्हणाले, “छे! बाईंच्या अक्षराची सर नाही.”

आता आज परत दहा वेळा. यात मी आणखी काय सुधारणार, ते... थांब, आई हाक मारतेय. आले गं आई!