दादाच्या रस्त्याची आग

जर्मनीतल्या आखन शहराच्या बसमध्ये पुढच्या बाकावरचं जोडपं, पद्माकरराव आणि नीता, खणखणीत मराठीत बोलत होतं. इथे आपलं कोणाला कळतंय, या भरवशावर. मागे बसलेल्या मैथिलीने पुस्तक उघडलं खरं, पण पान काही उलटलं नाही.

"नीता, कॅलिफोर्नियातल्या त्या वणव्याला नाव मिळालं. क्वेल रोड फायर! आपल्या दादाचा रस्ता!"

"अहो, पण भाऊजींचं घर?"

"शाबूत आहे. वारा उलटा होता, खालच्या गावातली घरं गेली. पण नाव आपलं! इथे जर्मनीत वादळाला नाव द्यायचं तर विकत घ्यावं लागतं. दादाला फुकट मिळालं."

"तिकडे कसं ठरवतात?"

"सोप्पंय. आग जिथे सुरू झाली, तिथलं नाव. सगळ्यात आधी पोचलेला बंबवाला रेडिओवर सांगतो, तेच टिकतं. हे सगळ्यांना सांगायला दादाची सकाळपासून नुसती फोनाफोनी चाललीय."

"जिथे सुरू झाली तिथलं? त्यांची वास्तुशांत शनिवारीच होती ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्याच संध्याकाळी लागली."

"होम घरात केला?"

"छे! घरात स्मोक अलार्म कोकलतो. मागच्या अंगणात केला, वाळक्या गवतावर, मस्त मोकळ्या हवेत."

"आणि नंतर कुंड विझवलं?"

"काहीतरीच काय! होमाचा अग्नी पाणी ओतून विझवतात का कधी? तो आपला आपण शांत..."

मग पद्माकररावांनी मोबाइल काढला.

"हॅलो, दादा? ते रस्त्याचं नाव... किती जणांना सांगून झालंय?"