अर्थिंगच्या खड्ड्यावरचा देव

तुमच्या गिरणीत, शाळेत वीज आली, दिवे लागले, पण बिघडलेली वीज जमिनीत कुठं उतरते हे तुमच्यापैकी किती जणांनी बघितलंय? नाही ना? मग ऐका.

मी उस्मान, तळोद्याचा. बाप भांड्यांना कल्हई करायचा, मी लोणखेड्याजवळच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात वायरमन झालो, इंजिन, डायनामो, दिवे, सगळं माझ्याकडे. चळवळीचे दिवस होते, तोंडं बंद, छापखाने बंद, आणि जिनाला लागून पाटलांची कापसाची वखार, तिथं शाळेच्या वामन मास्तरांनी चोरून रेडिओ केंद्र मांडलं. बोलायचं कापसाच्या गठाणींमागून, ऐकू जायचं पार धुळ्यापर्यंत. जिनातून वीज ओढून द्यायचो मी.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी यंत्राच्या पत्र्याला हात लावला आणि मागं फेकले गेले. पाटलांनी हात जोडले, देवी उनी, देवी उनी. मी म्हटलं, पाटील, देवी आली नाही, पत्र्यात करंट उतरलाय, अर्थिंग झाल्याशिवाय मी बटण दाबू देणार नाही. मास्तर खवळले, बातमी आजच गेली पाहिजे, भितोस काय? काय सांगू तुम्हाला, माझंही डोकं तेव्हा गरम, म्हटलं, स्वराज्य दोन दिवस उशिरा आलं तर चालेल, मेलेला मास्तर चालणार नाही.

मग वखारीमागं खोल खड्डा खणला, त्यात बापाची तांब्याची परात, वर कोळसा, मीठ, परातीपासून यंत्रापर्यंत जाड तार. पण आपली काळी जमीन, सुकली की भेगा पडतात, करंट घेत नाही. रोज पाणी हवं. आणि मोकळ्या जागेला रोज पाणी घालणारा माणूस फौजदाराला दिसणार नाही का? पाटलीणबाई सोनाबाई हसल्या, उस्मानभाऊ, खड्डा तुन्हा, देव मन्हा. त्यांनी खड्ड्यावर दगड ठेवला, शेंदूर फासला, आणि चार दिवसांत गावच्या बायका लोटे घेऊन रांगेत!

एकदा सगळ्या बायका शहाद्याला लग्नाला गेल्या, दोन दिवस पाणी नाही, आणि सोनाबाई एकट्या परतल्या, तोच पोलिसांची झडती आली. हवालदारानं गठाणी ओढल्या, मास्तर मागच्या रांगेआड यंत्रासकट लपलेले. काही सापडलं नाही. जाताना हवालदार दगडापाशी थांबला, जागता देव शे का? सोनाबाई म्हणाल्या, पानी टाकी देख, भाऊ. त्यानं भक्तीनं अख्खी घागर ओतली.

पोलीस गेले, मास्तर बोलायला बसले, एक हात पत्र्यावर. फट्! फ्यूज उडाला, अंधार. मी ओरडलो, मास्तर! आतून हसू आलं, अरे जिवंत आहे मी! गठाणी ओढताना हवालदारानंच तार सोलवटली होती, ती पत्र्याला टेकली, आणि त्यानंच भिजवलेल्या मातीनं करंट गिळला, मास्तरांच्या अंगात जाऊ दिला नाही. आम्ही पोट धरून हसलो. तार बांधली, फ्यूज घातला, बातमी गेली.

आता स्वराज्य आलं, मास्तर शाळेत उघडपणे बोलतात. दगड तिथंच आहे. शेंदूर बायका लावतात, पाणी मीही घालतो. अल्ला तुम्हाला सुखात ठेवो, पण एवढं करा: हे ऐकून झालं की उठा, तुमच्याकडची तार जमिनीत जाते ती जागा शोधा, कोरडी असेल तर आजच घागरभर पाणी ओता.